संवय होण्याचें व्याकरण

पुणें शहराचें वर्णन शनिवारवाड्यापासून सुरू करावें आणि पर्वतीवर नेऊन संपवावें, असा एक प्रघात पडून गेलेला आहे. आजच्या लेखांत तो आम्हांस मोडावा लागत आहे. कारण गेल्या पौषांतील एका रविवारीं आम्हीं पुण्यांत जी फेरी केली, तिचें निमित्त इतिहास नव्हतें कीं देवदर्शन नव्हतें. इंग्रजी व्याकरणांतील एक बारीकशी अडचण, हेंच काय तें निमित्त! परंतु त्या अडचणीचें बोट धरून हिंडतांना शहराचा जो भाग दृष्टीस पडला, तो चाळीस वर्षें येथें राहूनहि आम्हीं नीटसा पाहिला नव्हता.

आमच्या सदाशिव पेठेंतील घराच्या माडीवरची खोली श्रावणापासून एका मुलीस भाड्यानें दिली आहे. मुलगी बीड जिल्ह्यांतील एका खेड्यांतली. घरची कोरडवाहू शेती. पदवी घेऊन राज्यसेवेच्या परीक्षेच्या अभ्यासासाठीं ती पुण्यास आली. अशीं मुलें-मुली आज सदाशिव, नारायण, शनिवार व नवी ह्या पेठांतून हजारोंनीं राहतात. राहण्यापुरती एक खाट, दोन वेळचा डबा आणि अभ्यासिकेंतील एक खुर्ची, एवढाच पुष्कळांचा संसार. पूर्वीं ह्याच पेठांतून गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. कोणी माधुकरी मागत. अनाथ विद्यार्थी गृह १९०९ सालीं निघालें तें अशाच मुलांसाठीं. आमचे आजोबा कोंकणांतून येऊन वारांवरच शिकले. सोमवारच्या घरीं ताकांत पाणी फार आणि बुधवारच्या घरीं बोलणीं फार, असें ते सांगत. आणि ह्या दोहोंचीहि आपणांस संवय झाली होती, असेंहि सांगत.

त्या रविवारीं सकाळीं मुलगी आपली वही घेऊन खालीं आली. स्वतःविषयीं दहा ओळी इंग्रजींत लिहावयाच्या होत्या. पहिलेंच वाक्य होतें, ‘आय ॲम यूज्ड टु लिव्ह इन माय व्हिलेज.’ तिला म्हणावयाचें होतें, ‘मी पूर्वीं माझ्या गांवीं राहत असें.’ आम्ही म्हणालों, “अग, हें वाचून परीक्षक समजेल कीं तूं अजून गांवांतच आहेस आणि तेथें राहणें तुझ्या अंगवळणीं पडलें आहे.”

ती क्षणभर थांबून म्हणाली, “काका, मग तेवढं कांहीं चुकलं नाहीं.”

ह्या उत्तरानें आम्ही थोडे चमकलों. पण मास्तरकीची खोड मोठी वाईट. आम्हीं धडा पुढें चालविला.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं इंग्रजी शिकणारीं मुलें असतील, त्यांच्या उपयोगासाठीं तो धडा थोडक्यांत देतों. इंग्रजींत ‘यूज्ड टु’ असें लिहितात, परंतु उच्चार ‘यूस्ट टु’ असा होतो. कानाला शेवटचा वर्ण ऐकूंच येत नाहीं, म्हणून लिहिणारे तो गाळतात. ह्या एका शब्दाचे तीन प्रयोग आहेत. ‘आय यूस्ट टु गो’ म्हणजे ‘मी जात असें’. आपल्या व्याकरणांतला हा सरळ रीतिभूतकाळ. गोष्ट पूर्वीं घडत असे, आतां घडत नाहीं. ह्याला वर्तमानकाळ नाहीं. ‘आय यूज टु गो’ असें म्हणून ‘मी नेहमीं जातों’ हा अर्थ निघत नाहीं. दुसरा प्रयोग ‘आय ॲम यूस्ट टु गोइंग’, म्हणजे ‘मला जाण्याची संवय आहे’. तिसरा ‘आय ॲम गेटिंग यूस्ट टु गोइंग’, म्हणजे ‘मला जाण्याची संवय होत आहे’. पहिल्यांत ‘गो’ आणि पुढील दोहोंत ‘गोइंग’ कां, हें मुलांस कळत नाहीं, आणि तीं पाठ करून विसरतात. पण मराठीकडे पाहिलें कीं उलगडा होतो. ‘जात असें’ ह्यांत जाणें हें क्रियापद आहे. ‘जाण्याची संवय’ ह्यांत त्याच जाण्याचें नाम झालें आहे आणि त्याला षष्ठी लागली आहे. इंग्रजी ‘गोइंग’ तें हेंच नाम. आणि नाम आहे म्हणूनच तेथें ‘आंबट ताक’ किंवा ‘पुण्याची थंडी’ असा कोणताहि शब्द बसतो.

मुलीनें तें वहींत उतरून घेतलें आणि विचारलें, “हें माझ्याच डोक्यांत घुसत नाहीं, कां सगळ्यांचंच असं होतं?” आम्ही म्हणालों, “चल, ज्या गांवानें ही अडचण दोनशें वर्षें सोसली, तें तुला दाखवितों.”

घरापासून चार पावलांवर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानें हौसेनें बांधविलेला. त्याच्या दर्शनी भागाचे कोरीव सुरूदार खांब अजून लक्ष वेधून घेतात. १८१८ सालीं पेशवाई गेली आणि अवघ्या तीन वर्षांनीं, १८२१ मध्यें, कंपनी सरकारच्या चॅप्लिनसाहेबांनीं ह्याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे श्रावणांत विद्वान् ब्राह्मणांस जी दक्षिणा वांटीत, त्या दक्षिणेच्या पैशांतून तिचा खर्च चाले. पुढें पुण्यांत इंग्रजीचें शिक्षण सुरू झालें, आणि १८५१ मध्यें संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. ज्यांच्या बापांनीं पेशव्यांच्या हातून दक्षिणा घेतली, त्यांच्या मुलांनीं साहेबाच्या क्रियापदाचीं रूपें घोकलीं. एका पिढीच्या आंत एवढें स्थित्यंतर! त्या घरांतील बायकांनीं रात्रीं दिव्याजवळ तीं परकीं रूपें ऐकलीं असतील, तेव्हां त्यांस काय वाटलें असेल, हें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं.

बायकांचें लिहून ठेविलेलें पाहावयाचें, तर तेथून लक्ष्मी रस्त्यावर हुजूरपागेकडे वळावें. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथें होती, तेथें १८८४ सालीं मुलींचें हायस्कूल निघालें. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक हीं त्यांतील प्रमुख मंडळी. रानड्यांच्या घरांत ह्याच्या आधींच एक शाळा भरत असे, आणि तींत विद्यार्थिनी एकच होती. १८७३ मध्यें लग्न होऊन आलेल्या लहानग्या रमाबाईंस त्यांनीं मुळाक्षरांपासून शिकविलें, मराठीनंतर इंग्रजीहि शिकविलें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस हें मुळींच रुचलें नाहीं, आणि दिवसभर त्यांच्यांतच वावरावयाचें तर रमाबाईंस होतें! ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें त्यांचें पुस्तक १९१० सालचें. तें ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस नव्या परिस्थितीशीं जुळवून घेणें म्हणजे काय, हें आम्हीं सांगावयास नको.

बुधवारांत दगडूशेठच्या गणपतीसमोर आमची मुलगी आपण होऊन थांबली. तिला भिडेवाड्याची जागा पाहावयाची होती. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, ती येथें. जुनी मोडकळीस आलेली इमारत २०२३ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय स्मारकासाठीं उतरविण्यांत आली. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा; त्यांतहि इंग्रजी शिका असा उपदेश आहे. त्या शाळेस विरोध करणारीं माणसें आमच्याच पेठांतील होतीं, हें आम्हीं मुलीस सांगितलें. ती म्हणाली, “ठाऊक आहे मला.” आणि हात जोडून पुढें निघाली.

अप्पा बळवंत चौकाचें वर्णन काय करावें! पाठ्यपुस्तकें, मार्गदर्शकें, गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका. पुस्तकांच्या ह्या बाजारांत तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला आजहि मिळते. मराठी वाक्य घ्यावें, त्याचें इंग्रजी करावें. इंग्रजी घ्यावें, मराठी करावें. ह्या साध्या रीतीनें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आज पंडितांस ही रीत जुनाट वाटते. परंतु तिच्यांत एक गुण होता. मुलाला आपली भाषा बाहेर ठेवून वर्गांत यावें लागत नसे.

तेथून बसनें आम्ही फर्ग्युसनला गेलों. १८८० च्या आरंभीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, आणि १८८५ त हें महाविद्यालय. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. त्यांनीं संस्कृत वाक्यरचना शिकविण्याचें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, तें इंग्रजींत! दुसरे प्राचार्य आगरकर. आगरकर म्हटले कीं सुधारक आठवतात. परंतु १८८८ सालीं त्यांनीं ‘वाक्यमीमांसा’ हें वाक्यांच्या पृथक्करणावरचें पुस्तक लिहिलें, हें कितीजणांस ठाऊक असेल? कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवचा हा अत्यंत गरीब मुलगा. इंग्रजी व्याकरणानें वाक्य कसें उलगडावें हें त्यानें शिकून घेतलें आणि तीच दृष्टि मराठीकडे वळविली. नवें आलें म्हणून जुनें टाकलें नाहीं, आणि जुनें आहे म्हणून नव्यास दार लावलें नाहीं.

डेक्कन जिमखान्यावरून आम्ही येरवड्याकडे जाणाऱ्या मेट्रोंत बसलों. खालीं मुठेचें पात्र. समोर एक आमच्याच वयाचे गृहस्थ आपल्या नातवास सांगत होते, “पूर्वीं इथें टांगे असत. मग सगळं गांव सायकलीवरून जाई. संध्याकाळीं आम्ही पुलावर वारा खायला बसत असूं.” मुलगी हळूच म्हणाली, “काका, यूस्ट टु!” खरेंच होतें. पुण्यांतील आम्हां म्हाताऱ्यांचें सारें बोलणें रीतिभूतकाळांत चालतें. आम्ही ‘यूस्ट टु’चे पहिल्या प्रयोगाचे धनी. दुसरा आणि तिसरा प्रयोग आम्हीं बाहेरून आलेल्यांवर सोंपविला आहे.

मग तेथेंच आम्हीं एक खेळ मांडला. इंग्रजीच्या ह्या एका ‘गेट यूस्ट टु’ला मराठींत शब्द किती? बोटें मोजतां मोजतां दोन्ही हात पुरेनात. नव्या घरीं सून रुळते. कामाला हात सरावतो. थंड पाण्याचें स्नान अंगवळणीं पडतें. लोणचें मुरतें, तसा कारकूनहि कचेरींत मुरतो. रानांतलें पाखरूं माणसाळतें. लाडानें पोर सोकावतें, मिठाईला जीभ चटावते. आणि निंदा ऐकून ऐकून माणूस निर्ढावतो. इंग्रजीला ह्या साऱ्यांस एकाच वाक्यांत बसवितां येतें, ही त्या भाषेची सोय. आपली मराठी मात्र प्रत्येक वेळीं विचारते, कीं बाबा रे, ही संवय चांगली कीं वाईट? तुझी तूं लावून घेतलीस, कीं कोणी तुला लावली? ‘जुळवून घेणें’ ह्यांत तर कर्ता जाणूनबुजून कांहीं सोडतो. ‘रुळणें’ ह्यांत तें आपोआप सुटतें.

आम्हीं सहज विचारलें, “मग तुझें ह्यांतलें कोणतें?”

ती कांचेंतून बाहेर पाहत म्हणाली, “डब्यांतल्या पातळ भाजीला सरावलें मी. गर्दीला सरावलें. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा फोनवर गप होतात नं, त्याला नाहीं सरावलें.”

पहिल्या तारखेस ती आम्हांस खोलीचें भाडें देत असे. ह्यावर आमच्यापाशीं दुरुस्ती नव्हती. पुढचीं दोन-तीन स्थानकें कोणी कांहीं बोललें नाहीं.

डेक्कन कॉलेज हें त्या पूना कॉलेजाचेंच पुढील रूप. १८६४ सालीं येरवड्यास इमारतीचा पाया घातला आणि १८६८ त ती पुरी झाली. दगडी, उंच मनोऱ्याची, विलायती वळणाची. टिळक-आगरकरांची मैत्री येथलीच. १९३४ सालीं सरकारनें कॉलेज बंद केलें. १९३९ त तें संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलें. संस्कृतच्या महाकोशाचें काम १९४८ पासून येथें चाललें आहे. रविवार असल्यानें आम्हीं इमारत बाहेरूनच पाहिली आणि झाडाखालीं बसून बरोबर आणलेल्या दशम्या खाल्ल्या. तेथें आम्हांस ह्या संस्थेचें एक अलीकडचें काम आठवलें, आणि तें सांगतांना आमची जीभ अडखळूं लागली.

ह्या संस्थेंतील भाषाशास्त्रज्ञांनीं मराठीच्या बोलींचें सर्वेक्षण हातीं घेतलें. जिल्ह्या-जिल्ह्यांतून, खेड्यापाड्यांतून हिंडून लोकांचें बोलणें जसेंच्या तसें ध्वनिमुद्रित केलें. कोणत्या भागांत क्रियापदाचें कोणतें रूप चालतें, हें नोंदविलें. आणि आम्हीं काय केलें होतें? श्रावणांत ही मुलगी नवीन असतांना एके सकाळीं जिन्यावरून म्हणाली, “काका, मी अभ्यासिकेला जायलेय.” आम्हीं तेथल्या तेथें सांगितलें, “जायलेय नव्हे. ‘जात आहें’ म्हणावें.” दुसऱ्या दिवशीं ‘करायलेय’, तिसऱ्या दिवशीं ‘यायलेत’, प्रत्येक वेळीं आमची दुरुस्ती तयार. हेतु वाईट नव्हता. मुलाखतींत तिचें नुकसान होऊं नये एवढाच. पंधरा दिवसांनीं आमच्या सौभाग्यवतींनीं आम्हांस बाजूस घेऊन विचारलें, “अहो, ती मुलगी हल्लीं तुमच्याशीं हो-नाहींपलीकडे बोलत नाहीं, हें तुमच्या लक्षांत आलंय का?” आम्हीं तिला लाजरी समजत होतों!

पंडित जें रूप ऐकावयास शेंकडो मैल जातात, तें आमच्या जिन्यावरून रोज उतरत होतें आणि आम्ही तें पुसून टाकीत होतों. हें सर्व आम्हीं मुलीस सांगितलें आणि चुकलें म्हणालों. ती हंसली. म्हणाली, “आणि काका, दिवाळीला घरीं गेलें तर आई म्हणाली, पुण्याचं बोलूं नको माझ्यासंगं.”

संध्याकाळीं घरीं आलों तों स्वयंपाकघरांतून निराळाच वास येत होता. मुलीनें गांवाहून आणलेला येसर सौभाग्यवतींनीं आमटीस लाविला होता. गुळाचा खडा नाहीं, गोडा मसाला नाहीं. पहिल्या घांसालाच आमच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि तिनें तें बरोबर ओळखून ताक पुढें केलें. मेट्रोंतलें पहिल्या तारखेचें बोलणें आम्हीं माजघरांत सौभाग्यवतींच्या कानांवर घातलें होतें. पानावर त्या मुलीस म्हणाल्या, “पुढच्या महिन्यापासून रात्रीचा डबा बंद कर. रात्रीं आमच्याबरोबर जेवत जा. त्याचे पैसे नाहींत, आणि खोलीचेंहि काय तें आपण बसून बोलूं. आमच्या आजेसासऱ्यांना ह्या गांवांत सात घरांनीं सात वार दिले होते. मग ह्या एका घरानें तुला सातहि द्यायला काय हरकत आहे?”

मुलगी पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “भाकऱ्या मी करणार असेन तर.”

“कर कीं. मला कुठें तुझ्यासारख्या पातळ येतात?” सौभाग्यवती म्हणाल्या. “पण काय ग, पुण्याची संवय झाली का आतां?”

“व्हायलीय, काकू.”

आमच्या ओठांवर ‘होत आहे म्हणावें’ आलें आणि तेथेंच थांबलें. कारण सकाळपासून ‘गेटिंग यूस्ट टु’ला मराठींत जें रूप आम्ही शोधीत होतों, तें हेंच होतें. ‘संवय होत आहे’ ह्यांत नुसती माहिती आहे. ‘व्हायलीय’ म्हणजे होऊं लागली आहे. झालेली नाहीं, पण चालू आहे. आणि पुरी होईल कीं नाहीं, तें अजून ठरावयाचें आहे. वहींतील त्या वाक्यासमोर आम्हीं आमच्या हातानें तें रूप लिहून ठेविलें.

“आणि काकांना?” मुलीनें येसराच्या भांड्याकडे पाहत विचारलें.

आम्ही ताक पीत होतों, म्हणून उत्तर सौभाग्यवतींनींच दिलें.

“त्यांनाहि व्हायलीय,” त्या म्हणाल्या, आणि आम्हांस न विचारतां आमच्या वाटींत आणखी एक पळी आमटी वाढली.